हवेचा हिशेब कोणी लिहायचा?

आमच्या महाविद्यालयात एटापल्ली तालुक्यातील एक विद्यार्थी शिकत होता. त्याच्या आईला गळ्यातील अवटू ग्रंथीचा, म्हणजे ज्याला आपण सर्रास थायरॉइड म्हणतो त्याचा, विकार जडला. वजन घटत चालले, हात कापू लागले, छातीत धडधड होऊ लागली. अखेर एका मोठ्या शहरातील रुग्णालयात तिला किरणोत्सर्गी आयोडीन पाजण्यात आले आणि त्याच दिवशी घरी धाडण्यात आले. सोबत एक छापील कागद दिला होता. तो इंग्रजीत होता. काही दिवस लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना जवळ येऊ देऊ नये, असे त्यात सांगितले होते. गावात तो कागद कोणालाही वाचता आला नाही. मात्र बाईच्या अंगात 'अणूचे औषध' आहे, ही वार्ता तिच्या आधीच गावात पोहोचली होती. परिणामी कागदाने काही दिवसांचे अंतर सांगितले होते, ते गावाने तीन महिने पाळले. तिला विहिरीवर येऊ दिले नाही आणि तिच्या घरचे पाणीही कोणी प्यायले नाही.

त्या मुलाने मला एक प्रश्न विचारला. "सर, आईच्या श्वासातून ते औषध हवेत जाते, असे गावात म्हणतात. जात असेल तर किती जाते, हे कोणी मोजते का?"

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या प्रश्नाचे उत्तर सहज देता येण्यासारखे नव्हते. पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या सहकाऱ्याकडून पूर्वार्धाचे उत्तर मिळाले: श्वासावाटे जाते खरे, पण दिलेल्या मात्रेचा अगदी सूक्ष्म अंश, बहुतेक सारे लघवीवाटे बाहेर पडते. प्रश्नाचा उत्तरार्ध मात्र पदार्थविज्ञानाचा नाही. कोणी मोजते का, मोजले तर कोणाला सांगते आणि त्या मोजणीचा खर्च कोण सोसते, हे राज्यव्यवहाराचे आणि अर्थकारणाचे प्रश्न आहेत. त्यांचाच विचार येथे करावयाचा आहे.

रोग्याच्या दारी आलेले अणुविज्ञान

अणुशक्ती म्हटली की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे एक तर बॉम्ब उभा राहतो, नाही तर तारापूरची वीज. या शक्तीने रुग्णालयाचा उंबरठा ओलांडला त्याला साठ वर्षे होऊन गेली, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. मुंबईत परळ येथे १९६३ साली तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राने 'रेडिएशन मेडिसिन सेंटर' सुरू केले. अवटू ग्रंथीच्या रोगांवरील उपचार हे आरंभापासून त्या केंद्राचे मोठे कार्य राहिले आहे. देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि त्यावर चालणारे पेट तपासणीचे यंत्र २००२ साली तेथेच बसविण्यात आले. आज मुंबई-पुण्याप्रमाणे नागपुरातही हे अणुवैद्यक विभाग कार्यरत आहेत आणि हळूहळू ते जिल्ह्याच्या ठिकाणांकडे सरकत आहेत.

ते सरकलेच पाहिजेत. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. एका तपासणीसाठी दोन माणसांचे जाण्यायेण्याचे भाडे, दोन-तीन रात्रींचा मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांची बेरीज केली, तर रुग्णालयाने एक पैसाही न घेता दिलेला उपचारसुद्धा तेंदूपानांच्या हंगामाची सारी कमाई गिळून टाकतो. चंद्रपुरात टाटा ट्रस्ट व राज्य शासन यांच्या सहभागातून कर्करोग रुग्णालय उभे राहिले. पंतप्रधानांनी ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन केले, त्यांत गडचिरोलीचे नाव आहे. या घडामोडींचे स्वागतच केले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा रोख अणुवैद्यकाच्या विरुद्ध नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. अणुवैद्यक आपल्या दारी यावे, परंतु येताना आपली हिशेबाची वही बरोबर घेऊन यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हवा मोजतात कशी?

या विभागांत वापरले जाणारे पदार्थ अल्पायुषी असतात. तपासण्यांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे असते. म्हणजे सकाळी असलेला किरणोत्सर्ग दुपारी निम्मा होतो आणि संध्याकाळी पाव उरतो. पेट तपासणीसाठी लागणाऱ्या फ्लोरीन-१८ चे अर्धायुष्य अवघे ११० मिनिटांचे आहे. उपचारासाठी वापरले जाणारे आयोडीन-१३१ मात्र आठ दिवसांनी निम्मे होते. त्याचा सहस्रांश उरावयास सुमारे ऐंशी दिवस लागतात. शिवाय आयोडीनचा एक स्वभाव असा की, ते द्रवरूपातूनही वाफ होऊन उडते. बाटलीचे बूच उघडले की थोडी वाफ बाहेर येते. म्हणूनच आता द्रवाऐवजी बंद कॅप्सूल देण्याची पद्धत रूढ होत आहे. हवेतील आयोडीन श्वासावाटे शरीरात गेले की ते नेमके अवटू ग्रंथीत जाऊन साठते. ज्या गुणामुळे ते रोग्याला औषध ठरते, त्याच गुणामुळे ते निरोगी परिचारिकेला अपायकारक ठरू शकते.

यावरचे उपाय ठाऊक आहेत आणि ते फारसे गूढही नाहीत. औषध हाताळावयाचे ते वायू ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात. त्या खोलीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवावयाचा, म्हणजे दार उघडले तरी हवा आत येते, बाहेर जात नाही. बाहेर सोडावयाची हवा खास प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या थरातून गाळून छपराच्या वर सोडावयाची. कोळशाच्या जिल्ह्यातील वाचकाला गंमत वाटेल, पण आपली हवा काळवंडणाऱ्या कोळशाचाच हा एक भाऊबंद, बहुधा नारळाच्या करवंटीपासून केलेला, तेथे हवेची राखण करतो.

गाळणी बसविली एवढ्याने काम भागत नाही. ती गाळते की नाही, हे पाहावे लागते. त्यासाठी गाळणीच्या पुढे, धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या हवेचा एक लहानसा प्रवाह पंपाने ओढून कोळशाच्या डबीतून नेतात. दर मिनिटाला किती लिटर हवा ओढली आणि किती वेळ ओढली, यावरून डबीतून गेलेल्या हवेचे एकूण आकारमान कळते. डबीत साठलेले आयोडीन यंत्रावर मोजले की, हवेच्या प्रत्येक घनमीटरमागे ते किती होते, हे त्रैराशिकाने निघते. धुराड्यातून आठवडाभरात एकूण किती हवा गेली, त्या आकड्याने याला गुणले की बाहेर पडलेल्या आयोडीनची गोळाबेरीज हाती येते. सातव्या इयत्तेचे गणित ज्याला येते, त्याला हा हिशेब समजण्यास अडचण पडू नये.

मात्र या पद्धतीला मर्यादा आहेत. आठवड्याची डबी एकूण बेरीज सांगते. पण मंगळवारी काही बिघडले असेल तर ते ती पुढल्या सोमवारी सांगते. तत्काळ इशारा हवा असेल तर धुराड्यात अहोरात्र चालणारे मापक यंत्र लागते. ते लगेच बोलते, पण फार सूक्ष्म प्रमाण त्याला ऐकू येत नाही. फ्लोरीनसारखा पदार्थ तर डबी मोजावयास घेईपर्यंत नाहीसाच झालेला असतो. त्यासाठी अहोरात्र मापनावाचून गत्यंतर नाही. फुप्फुसाच्या तपासणीत काही ठिकाणी वापरला जाणारा झेनॉन वायू तर निष्क्रिय असल्याने कोळशाशी त्याचा संयोग होत नाही. त्याला फक्त काही काळ रोखून धरता येते. सारांश, एका यंत्राने भागत नाही. कोणता पदार्थ वापरला जातो ते पाहून मोजणीची रीत ठरवावी लागते.

यात आपल्या भागातील हवामानाची भर पडते. दमट हवेत कोळशाची आयोडीन पकडण्याची शक्ती घटते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा पावसाळा कसा असतो, हे येथील वाचकाला सांगावयास नको. वीज गेली की पंखा थांबतो आणि पंखा थांबला की खोलीतील कमी दाबही नाहीसा होतो. भामरागडसारख्या भागात पुरामुळे संपर्क तुटणे ही तर दर वर्षाची गोष्ट आहे. तेव्हा मुंबईतील प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गाळणी येथे ऑगस्ट महिन्यात तशीच काम करील, हे गृहीत धरून चालणार नाही. ते येथेच मोजून पाहावे लागेल.

फ्ल्युरसचा धडा

धोका केवढा, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. सर्वसाधारण जनतेसाठी अशा व्यवसायांतून वर्षाला एक मिलिसिव्हर्ट ही कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य झालेली आहे. निसर्गतःच, म्हणजे जमीन, खडक, अवकाश व अन्न यांपासून, जगातील माणसाला सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. नीट चालणाऱ्या अणुवैद्यक विभागाच्या हवेतून शेजाऱ्याला मिळणारी मात्रा या मर्यादेचा अल्पसा भाग असते. म्हणून भीतीला आधार नाही. तथापि 'नीट चालणाऱ्या' हे दोन शब्द त्या वाक्यातून गाळून चालत नाही.

बेल्जियममध्ये फ्ल्युरस या गावी रुग्णालयांसाठी किरणोत्सर्गी औषधद्रव्ये तयार करणारी संस्था आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये तेथे सांडद्रव एका टाकीतून दुसरीत नेताना अनपेक्षित रासायनिक प्रक्रिया घडली आणि धुराड्यावाटे सुमारे ४८ गिगाबेकेरेल आयोडीन-१३१ हवेत गेले. आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर ही घटना तिसऱ्या पायरीची, म्हणजे गंभीर, ठरली. गळती शनिवार-रविवारच्या सुटीत सुरू झाली. परसातील पालेभाज्या व परिसरातील दूध घेऊ नये, असे रहिवाशांना सांगण्यात आले ते काही दिवसांनी. सुदैवाने लोकांना अपाय झाल्याचे आढळले नाही.

आता या ४८ गिगाबेकेरेलचा आपल्या परिचयाच्या मापात हिशेब करून पाहू. ते सुमारे १३०० मिलिक्युरी होतात. अवटू ग्रंथीच्या कर्करोगावर एका रोग्याला शंभर मिलिक्युरीच्या आसपास मात्रा दिली जाते. म्हणजे एका देशाच्या नियामकांची झोप उडविणारी ती गळती तेरा रोग्यांच्या औषधाएवढी होती. आपल्याकडे तीस मिलिक्युरीहून अधिक मात्रा दिलेल्या रोग्याला स्वतंत्र खोलीत ठेवावे लागते, ते याच कारणाने. यावरून रुग्णालय धोकादायक ठरत नाही. रोग्याच्या शरीरातील औषध आणि हवेत गेलेले औषध यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु एका मोठ्या विभागात महिनाभरात हाताळला जाणारा साठा हा दुर्लक्ष करण्याजोगा नसतो, हे मात्र यावरून निश्चित होते. मोजणी करावयाची ती धोका मोठा आहे म्हणून नव्हे. धोका लहान आहे आणि तो लहानच राहिला आहे, याचा पुरावा रोजच्या रोज हाती असावा म्हणून मोजावयाचे.

चंद्रपूरचा अनुभव

या बाबतीत चंद्रपूरकरांना परक्या देशाचे दाखले देण्याची वस्तुतः गरज नाही. योगायोग असा की, १९८३ साली दोन गोष्टी घडल्या. त्या वर्षी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला मुंबईत अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना झाली. पुढे आपल्या वीज केंद्राची क्षमता, जुने दोन संच बंद झाल्यावरही, २९२० मेगावॉटपर्यंत गेली. या काळात धुराड्यांतून काय बाहेर पडते, याची मोजणी झाली नाही असे नाही. आकडे लिहिले गेले, फायली भरल्या. पण त्या फायली शहरातील नागरिकाने वाचल्या नाहीत. त्याच्यासाठी मोजणीचे साधन म्हणजे वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख आणि मुलांचा खोकला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथ्या क्रमांकावर आले. ती बातमी वाचून शहर हादरले. वस्तुतः हवा त्या दिवशी बिघडली नव्हती. बिघडलेल्या हवेला त्या दिवशी फक्त आकडा मिळाला होता.

अर्थशास्त्रात या विषयाचा पाया आर्थर पिगू यांनी १९२० साली घातला. खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील फरक समजावताना त्यांनी दिलेले एक उदाहरण आम्हा जंगल जिल्ह्यातील लोकांना चटकन पटावे असे आहे: आगगाडीच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांनी रुळांलगतचे रान जळते, पण त्या रानाची किंमत रेल्वेच्या जमाखर्चात कोठेच चढत नाही. वर्गात हे शिकविताना मी खिडकीतून दिसणाऱ्या चिमणीकडे बोट दाखवितो. परंतु या सिद्धान्तात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की, ठिणगी दिसते आणि जळलेले रानही दिसते. राख निदान कपड्यावर दिसते. किरणोत्सर्ग मात्र दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. म्हणून येथे मोजणी ही केवळ पुराव्यासाठी लागणारी गोष्ट राहत नाही. मोजणी नसेल, तर शेजाऱ्याच्या दृष्टीने ती घटनाच अस्तित्वात नसते. किंवा एटापल्लीच्या त्या गावाप्रमाणे, ती घटना त्याच्या कल्पनेत शतपटीने मोठी होते. बेफिकिरी आणि भयगंड ही दोन्ही अज्ञानाचीच अपत्ये आहेत.

यंत्र असते, माणूस नसतो

नियम नाहीत, अशी तक्रार करता येणार नाही. मंडळाच्या परवान्यावाचून अणुवैद्यक विभाग चालविता येत नाही. इमारतीचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो, कर्मचाऱ्यांना अंगावर मात्रामापक पट्टी लावावी लागते. उणीव आहे ती नियम आणि नियमाची अंमलबजावणी यांच्यामधल्या अंतरात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ साली सादर केलेल्या अहवालात असे दाखविले होते की, देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी ५२,१७३, म्हणजे सुमारे ९१ टक्के, परवान्याविना चालू होती. राज्यांनी किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालये स्थापावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितले होते. अकरा वर्षांनंतर ती केवळ केरळ व मिझोराम या दोन राज्यांत होती. त्यानंतर परवान्यांची नोंदणी संगणकावर आली आणि परिस्थितीत सुधारणा झाली, हे नमूद केले पाहिजे. अणुवैद्यक विभागांची संख्याही क्ष-किरण केंद्रांच्या तुलनेने थोडी आणि त्यांच्यावरील देखरेख अधिक काटेकोर असते. परंतु केंद्रस्थानी बसलेले एकटे मंडळ देशाच्या कानाकोपऱ्यातील प्रत्येक धुराड्याकडे पाहू शकत नाही, हा त्या अहवालातून निघणारा निष्कर्ष आजही खोडता येत नाही.

याच्या मुळाशी आपल्या अंदाजपत्रकांची एक जुनी खोड आहे. आपल्याकडे यंत्र भांडवली खर्चात येते आणि माणूस महसुली खर्चात. यंत्राच्या खरेदीला मंजुरी मिळते, त्याचे उद्घाटन होते, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. ते चालविणाऱ्या तंत्रज्ञाचे पद मात्र 'मंजूर परंतु रिक्त' या सदरात वर्षानुवर्षे पडून राहते. जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयांत बंद पडलेली यंत्रे पाहिलेल्या वाचकांना हे नवे नाही. हवा मोजणाऱ्या पंपाचेही तसेच होणार नाही, अशी हमी कोण देईल? कोळशाची डबी आठवड्याला बदलावी लागते, यंत्राचा खरेपणा ठरावीक काळाने पारखून घ्यावा लागतो, आकडा वहीत चढवावा लागतो. ही कामे भपकेबाज नाहीत. पण सारी सुरक्षितता त्यांच्यावरच उभी असते. मोजणी ही खरेदी करावयाची वस्तू नाही, ती रोज पार पाडावयाची नोकरी आहे.

खर्च कोणाच्या माथी?

येथे एक रास्त आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आधीच हे विभाग खर्चिक आहेत. त्यांवर अहोरात्र मापके, तंत्रज्ञ आणि तपासण्या यांचा भार लादला, तर ते महानगरातच राहतील. जिल्ह्यात येणारच नाहीत. मग सिरोंच्याची बाई पुन्हा साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करील. म्हणजे शेजाऱ्याच्या काल्पनिक धोक्यासाठी रोग्याचा खरा उपचार बुडाला, असे होईल.

आक्षेप खरा आहे. पण त्याचा निष्कर्ष खरा नाही. मोजणीचा खर्च रोग्याच्या बिलात घातला, तरच असे होईल. शुद्ध हवेचा दाखला ही काही रोग्याने विकत घेतलेली वस्तू नव्हे. त्याचा लाभ सर्व परिसराला मिळतो आणि एकाला मिळाला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. अशा वस्तूला आमच्या शास्त्रात सार्वजनिक वस्तू म्हणतात आणि तिचा खर्च सार्वजनिक तिजोरीतूनच झाला पाहिजे. तिजोरी रिकामी आहे, हे उत्तर निदान या दोन जिल्ह्यांत तरी देता येणार नाही. खनिज कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली आहेत. त्या वर्षाच्या जानेवारीपूर्वी दिलेल्या खाणपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर १० टक्के एवढी रक्कम या प्रतिष्ठानांकडे जमा करावी लागते. चंद्रपूरचा कोळसा आणि सुरजागडचे लोहखनिज यांतून येणारा हा पैसा आहे. आरोग्य आणि प्रदूषणनियंत्रण ही दोन्ही या निधीची अग्रक्रमाची क्षेत्रे ठरलेली आहेत. ज्या मातीतून हे धन निघाले, त्या मातीवरची हवा मोजण्यासाठी त्याचा एक लहानसा हिस्सा खर्ची पडावा, यापेक्षा त्याचा सरळ विनियोग कोणता?

तेव्हा सूचना अशा. पहिली, अणुवैद्यक विभागाच्या यंत्रसामग्रीला मंजुरी देतानाच हवा-मापनाच्या तंत्रज्ञाचे पद निर्माण करून ते भरावे. पद रिक्त असेल तोवर आयोडीनच्या मोठ्या मात्रा हाताळू नयेत. दुसरी, या पदाचा व साहित्याचा खर्च रोग्याकडून न घेता खनिज प्रतिष्ठानातून किंवा राज्याच्या तिजोरीतून व्हावा. तिसरी, जो औषध हाताळतो त्यानेच स्वतःला प्रमाणपत्र देऊ नये. वर्षातून काही डब्या दुसऱ्या कोणी मोजाव्यात. गडचिरोलीत २०११ साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ आहे. त्याच्या पदार्थविज्ञान शिक्षणाला याहून उपयुक्त प्रात्यक्षिक सापडणार नाही. चौथी, महिन्याचा आकडा, मर्यादेच्या तुलनेसह, रुग्णालयाच्या दारावर मराठीत लावावा, आणि रोग्याच्या हाती द्यावयाचा कागदही मराठीत व जेथे गरज असेल तेथे गोंडी-माडियात समजावून सांगितला जावा.

गावाला आकडा कळतो

आकडे जाहीर केले तर लोक घाबरतील, असे काही अधिकारी खासगीत म्हणतात. अडाणी माणसाला मिलिसिव्हर्ट काय कळणार, असाही एक सूर असतो. हा सूर निदान गडचिरोली जिल्ह्यात तरी लावू नये. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने याच जिल्ह्यातील ३९ गावांत नव्वदच्या दशकात काय केले, ते जगाला माहीत आहे. गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांनी नवजात बाळांचे वजन केले, श्वास मोजले, मृत्यू नोंदविले आणि त्या मोजणीच्या आधारे घरीच उपचार केले. नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हा वृत्तान्त १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावात अभ्यासगटात बसून लोकांनी कायदे समजावून घेतले आणि २००९ साली आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क पदरात पाडून घेतला. ज्यांना बाळाच्या श्वासांची संख्या कळते, बांबूचा हिशेब कळतो, त्यांना 'मर्यादा शंभर, या महिन्यात दोन' एवढे कळणार नाही, असे मानणे हा त्यांचा अवमान आहे.

लोक घाबरतात ते आकड्याने नव्हे, तर आकडा लपविला गेल्याच्या संशयाने. फ्ल्युरसच्या रहिवाशांना गळतीपेक्षा काही दिवसांचे मौन अधिक खटकले असेल, तर त्यात नवल नाही. उलट दर महिन्याला दारावर लागणारा कंटाळवाणा, एकसारखा, लहानसा आकडा हा विश्वासाचा सर्वांत भक्कम पाया असतो. ज्या महिन्यात तो आकडा अचानक वाढेल, त्या महिन्यात दारावरून जाणारा एखादा शिक्षक थांबून विचारील, हे काय झाले? तो प्रश्न विचारला जाणे हीच खरी देखरेख.

त्या विद्यार्थ्याची आई आता बरी आहे. रानात जाते, विहिरीवरही जाते. गावाने तिला पुन्हा जवळ केले ते काळ गेला म्हणून. कोणी काही समजावून सांगितले म्हणून नव्हे. तिच्या मुलाच्या प्रश्नाला मी त्या वेळी अर्धेच उत्तर देऊ शकलो. उरलेले अर्धे उत्तर देण्याचे काम रुग्णालय चालविणाऱ्यांचे, जिल्हा प्रशासनाचे आणि त्यांच्याकडे हिशेब मागणाऱ्या आपणा सर्वांचे आहे. औषध जिल्ह्यात येवो. पण ज्या हवेतून त्याचा अंश जाईल, ती हवा रुग्णालयाच्या मालकीची नाही. तिचा हिशेब, ती श्वासात घेणाऱ्याला वाचता आला पाहिजे.